घरचा तरंगा

आमच्या स्वयंपाकघरात कधी मासा शिजला नाही, पण लग्नानंतरचे बहुतेक रविवार मी मासेमारीपायी एकटीने काढले. ह्यांचा छंद तो. खडकीच्या कारखान्यात नोकरी, विश्रांतवाडीत घर, आणि रविवारी उजाडायच्या आत रॉड घेऊन पाण्यावर. पकडलेला मासा घरी यायचा नाही. हे तो परत पाण्यात सोडून द्यायचे. माझ्या माहेरी, सदाशिव पेठेत, जावयांना हा नाद आहे हे पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगितलं जाई, वर "पण खात नाहीत हो" अशी पुस्ती जोडून. "खायचा नाही तर त्या बिचाऱ्याच्या तोंडात गळ घालायचा कशाला?" असं मी सुरुवातीला विचारायचे. हे नुसते हसायचे आणि माझ्या डब्यातला हिंग काढून घ्यायचे. कणकेच्या गोळ्यात हिंग मळला की रोहू हटकून येतो म्हणे. आमच्या आमटीला कधी मिळाला नसेल एवढा हिंग ह्यांनी रोहूंना घातला.

हे गेले ते फेब्रुवारीत. सकाळची वेळ होती, मी चहा गाळत होते, हे दारातला पेपर उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मला वाटलं, चप्पल शोधतायत. त्या सकाळबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

बाल्कनीतल्या कपाटात ह्यांचा संसार होता, म्हणजे माझ्याशिवायचा. रॉड, रिळं, एक घडीचं जाळं, आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तरंगे. तरंगा म्हणजे दोरीला बांधलेली बारीक काडी. ती पाण्यावर उभी राहते आणि खाली माशाने आमिषाला तोंड लावलं की बुडते. बाजारात प्लॅस्टिकचे मिळतात. हे मोरपिसाच्या दांडीचे करायचे. गळून पडलेली पिसं कुठून कुठून गोळा करून आणायची, दांडी तासायची, घासायची, बादलीत सोडून ती सरळ उभी राहते का बघायचं, नाही राहिली तर पुन्हा घासायचं. टोकाला रंग हवा, लांबून दिसायला. लेकीच्या लग्नात तिने आणलेलं मरून रंगाचं नेलपेंट उरलं होतं. ते ह्यांनी मागितलंही नाही, एक दिवस ड्रेसिंग टेबलवरून गायब झालं. तेव्हापासून आमचे तरंगे लेकीच्या नखांच्या रंगाचे.

मे महिन्यात आमची इमारत रिकामी करायची होती. जुनी पाडून तिथे मोठी बांधणार, तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं. भाड्याच्या घराला बाल्कनी होती ती कपडे वाळत घालण्यापुरती. लेक परदेशातून फोनवर म्हणाली, "आई, त्या रॉड्स सरळ ऑनलाइन विकून टाक ना." भंगारवाला तर दोनदा येऊन कपाटाकडे बघून गेला होता. मला त्यातलं काहीच करायचं नव्हतं. ह्यांच्या वस्तू पाण्यावर जाव्यात, ज्याला त्यातलं कळतं त्याच्या हातात, आणि त्या कुणी वापरल्या, कुणी केल्या हे लोकांना माहीत असावं, एवढंच मला हवं होतं. फार मागणं नव्हतं, असं अजूनही वाटतं.

अशी माणसं कुठे भेटतील हे मला ठाऊक होतं. ह्यांनी निवृत्तीनंतर हौशी मासेमारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. आधी कारखान्यातले मित्र, मग मित्रांचे मित्र, मग आयटीतली मुलं, आणि हा हा म्हणता ग्रुप भरला. माणसं वाढली तशा जाहिराती आल्या. रॉडवर रीळ फुकट. माझं चॅनल सबस्क्राइब करा. धायरीत, डोंगर दिसणारे प्रशस्त फ्लॅट. एका पठ्ठ्याने तर जिवंत कटला माशाच्या अंगावर आपल्या दुकानाचं स्टिकर चिकटवून फोटो टाकला. त्या दिवशी हे ताटावरून अर्धवट उठले. आयुष्यात कुणाला मोठ्याने न बोललेला माणूस, वही-पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि नियम लिहायला लागला.

मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे मसुदा तपासायला माझ्याकडे. मुख्य नियम होता, आधी मासा, मग माल. ज्याला ग्रुपवर काही विकायचं, द्यायचं, दाखवायचं असेल त्याने आधी स्वतः पकडलेल्या माशाचा फोटो टाकायचा. मासा ओल्या हातात, पाण्याजवळ धरलेला हवा. फोटोखाली पहिला प्रश्न एकच, "सोडला?" आणि उत्तर, "सोडला." जागेचं नाव सांगायचं नाही. दुसऱ्याच्या माशाखाली आपल्या वस्तूबद्दल बोलायचं नाही. कुणी विचारलंच की ही वस्तू कुठली, तर विकतची असेल तर "बाजारची" आणि हाताने केलेली असेल तर "घरची", इतकंच उत्तर. करणाऱ्याचं नाव नाही, विकणाऱ्याचं नाही. शिवाय सुप्रभात, शुभेच्छा आणि श्रद्धांजली यांनाही बंदी.

"शेवटचं जरा जास्त होतंय," मी म्हणाले.

"अगं, एकाला सोडलं की सगळे सुरू होतात."

नियम मोडणाऱ्याला पाठवायचं एक वाक्यही ह्यांनी तयार केलं: "आपला मेसेज जाहिरात स्वरूपाचा असल्याने काढून टाकण्यात आला आहे." मला ते महानगरपालिकेच्या नोटिशीसारखं वाटलं. मी पुढे "गैरसमज नसावा" असं जोडलं. ह्यांना आवडलं. पुढे कित्येकांना ते वाक्य गेलं. त्यात माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं तंबू आणि घडीच्या खुर्च्यांचं दुकान आहे. मेव्हण्यांचाच ग्रुप म्हणून त्याने हक्काने खुर्चीचा फोटो टाकला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याला "गैरसमज नसावा" मिळालं. त्या वर्षी तो भाऊबीजेला आला नाही. मी ह्यांच्याशी पुष्कळ भांडले. हे शांतपणे म्हणाले, "त्याला म्हणावं, एक मासा पकड आणि टाक खुशाल खुर्ची."

आणि नियम स्वतःलाही. ह्यांच्या माशाच्या फोटोत बाजूला कधीमधी तरंगा दिसे. लोक विचारत, "काका, तरंगा कुठला?" हे लिहीत, "घरचा." बस. मी म्हणायचे, "अहो, सांगा ना, मी केलाय म्हणून. लोकांना कळू दे." त्यावर ठरलेलं उत्तर, "स्वतःची टिमकी काय वाजवायची." घास तोंडात असतानाही दुसऱ्याच्या फोटोखाली "सोडला?" विचारायला मात्र हे पहिले. ग्रुपमध्ये तो मान जवळजवळ ह्यांचाच झाला होता.

तर एप्रिलमध्ये मी ग्रुपवर गेले. ह्यांचा फोन मी अजून चार्ज करून ठेवते, पण त्यावरून लिहिणं बरं वाटेना. गेलेल्या माणसाच्या नंबरवरून मेसेज आला तर लोक दचकतील. म्हणून माझ्या नंबरवरून ग्रुपमध्ये शिरले आणि नीट विचार करून लिहिलं: "नमस्कार. मासेमारीचे साहित्य उत्तम स्थितीत आहे. योग्य व्यक्तीस विनामूल्य देणे आहे. कृपया संपर्क साधावा." कुणाचं साहित्य ते मुद्दाम लिहिलं नाही. आधी कोण कशासाठी मागतंय ते बघावं, मग सांगावं, असं मनात होतं. दुःखाचं भांडवल करून वस्तू वाटायच्या नव्हत्या.

भाजी निवडून होते न होते तोच फोन वाजला. ग्रुपवरचा माझा मेसेज नाहीसा झाला होता आणि खाली निरोप आला होता. "आपला मेसेज जाहिरात स्वरूपाचा असल्याने काढून टाकण्यात आला आहे. गैरसमज नसावा."

मी ते वाक्य किती तरी वेळ बघत बसले. पहिला अर्धा भाग ह्यांचा, दुसरा माझा. ज्या टेबलावर मी आत्ता मेथी निवडली होती, त्याच टेबलावर ते लिहिलेलं. ह्यांच्या आवाजात ऐकू आलं मला ते, चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवायचे तसं. फेब्रुवारीत माणसं भेटायला येत होती तेव्हा मी सगळ्यांना चहा करून देत होते, रडायला सवडच मिळाली नव्हती. ती आता मिळाली.

मग तोंड धुतलं आणि नव्या अ‍ॅडमिनला उत्तर पाठवलं: "आपण पाठवलेले वाक्य आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिले गेले आहे. त्यातील 'गैरसमज नसावा' माझे आहे."

लगेच फोन आला. अ‍ॅडमिन म्हणजे धायरीला राहणारा, आयटीतला, मूळचा विदर्भातला मुलगा. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, पण ह्यांच्या तोंडी तो कायम "तो मुलगा" असे. ह्यांच्यानंतर ग्रुपचं सगळं तोच बघतो.

"काकू, आय अ‍ॅम सो सॉरी. नंबर सेव्ह नव्हता हो माझ्याकडे. मला अजिबात स्ट्राइक नाही झालं. मी आत्ताच्या आत्ता तुमची पोस्ट परत टाकतो, काकांचं नाव घालून."

"नको," मी म्हणाले. "माझा मासा कुठे आहे?"

"काकू, असं काय करताय? तुमच्यासाठी रूल थोडीच आहे?"

"माझ्या भावासाठी होता. तो भाऊबीजेला आला नाही माझ्याकडे त्या नियमापायी. आता मीच मोडला तर त्याला काय तोंड दाखवू?"

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही पकडणार?"

"तुम्ही शिकवलंत तर."

एका रविवारी तो आणि त्याची बायको गाडी घेऊन मला न्यायला आले. इतके रविवार मी ज्या वेळी कूस बदलून झोपायचे, त्या वेळी केस विंचरून, ह्यांची रॉड मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. जागा कुठली ते सांगत नाही, नियम आहे. खरं तर हे तिथे जायचे हे मलाही त्याच दिवशी कळलं. बायकोलासुद्धा "पाण्यावर जातो" याहून जास्त कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही खोदून विचारलं नव्हतं.

एका सपाट खडकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका इथे बसायचे."

मी तिथे बसले. येताना मला वाटत होतं, त्या जागी गेल्यावर काहीतरी कळेल, हे एवढं काय बघायचे ते उमगेल. काहीही कळलं नाही. पाणी होतं. पलीकडे टेकडी होती. खडक टोचत होता, आणि एवढी वर्षं ह्यांना उशी कशी सुचली नाही याचा मला रागच आला. त्या मुलाने गळाला कणकेचा गोळा लावून दिला, हिंग मीच मळला होता. दोरी पाण्यात टाकून दिली आणि म्हणाला, "काकू, आता फक्त तरंग्याकडे बघायचं."

बघत बसले. मरून टोक पाण्यावर उभं. वाऱ्याने हलायचं, परत उभं राहायचं. किती वेळ गेला माहीत नाही. मध्येच माझ्या लक्षात आलं की मघापासून मी हे गेलेत हे विसरले होते. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. घरी गेल्यावर ह्यांना सांगू, तुमचा खडक फार टोचतो, असंही मनात येऊन गेलं होतं. मग आठवलं. तेवढ्यात तो मुलगा ओरडला, "काकू, तरंगा!"

तरंगा बुडाला होता. मी रॉड उचलली, जमेल तशी. तळहाताएवढी चिलापी निघाली. मी जन्मात माशाला हात लावला नव्हता. त्या मुलाच्या बायकोने माझे हात पाण्यात बुडवायला सांगितले, मग ती धडपडणारी गार चिलापी माझ्या ओंजळीत दिली. त्याने फोटो काढला आणि मी ओंजळ पाण्यात नेली. क्षणभर ती तिथेच राहिली, मग गेली. मला भीती वाटली होती तसं किळसवाणं काही नव्हतं. मी तिची माफी मागितली, मनातल्या मनात.

फोटो ग्रुपवर गेला. "सोडला?" कुणीतरी विचारलं. मी लिहिलं, "सोडला." आणि मग, नियमाप्रमाणे, माल. या वेळी कुणाचं साहित्य तेही लिहिलं. त्या संध्याकाळपासून फोन सुरू झाले. पुढच्या आठवड्यात माणसं घरी आली, अदबीने, चपला बाहेर काढून, आमच्या अर्धवट बांधलेल्या खोक्यांमध्ये बसली. जो तो पैसे विचारी, मी पाण्याचा ग्लास पुढे करी. रॉड गेल्या, रिळं गेली. तरंग्यांचा डबा पिंपरीकडच्या एका गृहस्थांनी नेला, जुने मासेमार, हात कसलेले. त्यांना मी मुद्दाम सांगितलं, "हे ह्यांनी स्वतः केलेत. ग्रुपवर कधी बोलले नाहीत." त्यांनी एक तरंगा उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "काय हात होता हो." मला ते ऐकून फार बरं वाटलं. डबा तसाच्या तसा दिला. रात्री लेक फोनवर म्हणाली, "आई, एक तरी ठेवायचास की गं आपल्याला." माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. कपाट रिकामं करायच्या नादात एकही ठेवला नाही.

पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात, ग्रुप तेव्हा गप्प असतो. दसरा झाला, पाणी निवळलं आणि फोटो यायला लागले. मी भाड्याच्या घरात जेवण उरकून फोन घेऊन बसले होते. पिंपरीच्या गृहस्थांचा फोटो आला. चांगला मोठा रोहू, ओले हात, आणि बाजूला गवतावर तरंगा. मी फोटो बोटांनी मोठा केला. टोकाला मरून रंग. लेकीच्या लग्नातलं नेलपेंट.

पोचला पाण्यावर, मी स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. खरंच आनंद झाला होता.

खाली कुण्या नवीन मुलाने लिहिलं, "सर, तरंगा एकदम युनिक आहे. कुठला?"

मी वाट बघत बसले. एवढ्यात ह्यांचं नाव येईल, असं वाटून मी चष्मासुद्धा पुसून घेतला.

उत्तर आलं, "घरचा."

उत्तर नियमाला धरूनच होतं. हाताने केलेली वस्तू, म्हणून घरची. ते गृहस्थ सज्जन, त्यांचं काही चुकलं नाही. पण कुणाच्या घरचा? मी लिहायला घेतलं. हा तरंगा आमच्या घरचा आहे. माझ्या मिस्टरांनी केला आहे. दांडी सरळ उभी राहीपर्यंत ते बादलीशी बसून राहत. रंग माझ्या मुलीच्या लग्नातला आहे. तुम्ही सगळे विचारायचात तेव्हा ते सांगायचे नाहीत, कारण टिमकी वाजवणं त्यांना आवडत नसे. लिहीत गेले, लिहीत गेले, ह्यांचं नाव लिहिलं, आडनावासकट. फेब्रुवारीत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिथे आलं.

पाठवायच्या खुणेवर बोट नेलं आणि थांबले. दुसऱ्याच्या माशाखाली आपल्या वस्तूबद्दल बोलायचं नाही. त्या वहीत हे वाक्य माझ्या अक्षरात आहे, मीच स्वच्छ करून उतरवलं होतं. मी पाठवलं असतं तर धायरीच्या त्या मुलाने काढलं नसतं, काकूंचं म्हणून राहू दिलं असतं. सगळ्यांनी हात जोडले असते. ह्यांनी माझ्या भावाला जी सवलत दिली नाही ती मी ह्यांच्याच नावाने घेतली असती.

खोडत खोडत सगळं पुसलं. शेवटी ह्यांचं नाव राहिलं, तेही पुसलं.

मग लक्षात आलं, तरंग्याच्या नादात त्या फोटोखाली पहिला प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी लिहिलं, "सोडला?"

"सोडला, काकू," त्यांनी लगेच उत्तर दिलं.

मग दुसऱ्या कुणाचा तरी फोटो आला आणि बोलणं त्याच्याकडे वळलं. मी फोन उलटा करून ठेवला आणि खूप रडले. ह्यांचं नाव त्या दिवशी तिथे कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.